चौसष्ट खोल्यांना एकशे बारा खिडक्या

परत आल्यापासून लोक विचारतात, सुट्टीत कुठे गेला होतात? मी सांगतो, धावड्याला. ते क्षणभर मान हलवतात, मग न राहवून विचारतात, हे आलं कुठे? जालना जिल्हा, भोकरदन तालुका. मग पुढचा प्रश्न ठरलेला: तिथे पाहण्यासारखं काय आहे?

एक भिंत आहे, मी सांगतो, आणि त्या भिंतीत एक भोक आहे.

एवढ्यावर निम्मे लोक विषय बदलतात. उरलेल्यांसाठी हे लिहितो आहे.

सोमवार: जालन्याहून भलतीकडे

मी पुण्यात अभियांत्रिकीच्या महाविद्यालयात शिकवतो आणि एका जागी बसू शकत नाही. वर्गात फळ्यापासून दारापर्यंत माझ्या इतक्या फेऱ्या होतात की मागच्या बाकावरची मुलं त्या मोजतात, असं ऐकून आहे. तर असा मी, दोन खोकी घेऊन जालन्याला उतरलो. खोक्यांत चौसष्ट फरश्या होत्या. बांधकामाच्या नव्हेत. मोबाइलच्या लहरींसाठी आम्ही विभागात एक आरसा बनवला आहे, त्याच्या.

साधा आरसा कवडसा पाडतो तो आपण धरू तिकडे. आमचा आरसा जागचा हलत नाही, पण सांगू तिकडे कवडसा पाडतो. त्यातली प्रत्येक फरशी तिच्यावर आलेली लहर किंचित उशिराने परत फेकते. कोणत्या फरशीने किती उशीर करायचा हे ठरवलं की सगळ्यांची मिळून लहर हवी तिकडे वळते. आणि आमची खरी फुशारकी पुढेच आहे: हा निरोप फरश्यांना देण्यासाठी एकही वायर नाही. मी कोपऱ्यातल्या एका फरशीला सांगतो, ती शेजारणीच्या कानात सांगते, ती तिच्या शेजारणीच्या. प्रत्येकीच्या पाठीमागे बोटभर पोकळी आहे, त्या पोकळीतून ही बिनतारी कुजबुज चालते. प्रयोगशाळेत थर्माकोलच्या चौकटीत ती झकास चालत होती.

हे सगळं मी जीपमध्ये शेजारी बसलेल्या मोसंबीवाल्या गृहस्थांना समजावून सांगितलं. त्यांनी फक्त "खोक्यात काय हाय?" एवढंच विचारलं होतं. मी लहरींपासून सुरुवात केली. ते मधूनमधून तोंड उघडत, मी हाताने थांबवून पुढे बोलत राही. दोन्ही बाजूंना ऊस दिसायला लागला तेव्हा मी सहज म्हणालो, "भोकरदनकडे ऊस बराच आहे हो."

"भोकरदन?" ते म्हणाले. "सर, तुमी घनसावंगीला जाऊन राह्यले. भोकरदन उत्तरंला. ही जीप दक्षिणंला."

"मग तुम्ही मघाशीच सांगायचं ना!"

"तुमी सांगू देत व्हते का?"

त्यांनी माझी खोकी उतरवायला मदत केली, दोन मोसंबी हातावर ठेवली आणि उलट्या दिशेच्या बसमध्ये मला स्वतः बसवलं. ड्रायव्हरला बजावलंही, "यांच्याशी काही बोलू नका." भोकरदनला पोचलो तेव्हा दिवस संपला होता.

मंगळवार: धावडा

धावड्याच्या एका कडेला पाच घरांची एक ओळ आहे आणि ओळीच्या टोकाला टेकडी. मोबाइलचा टॉवर टेकडीपलीकडे. त्यामुळे या पाच घरांत फोन म्हणजे घड्याळ आणि बॅटरी. बोलायचं असेल तर गावच्या पाण्याच्या टाकीवर चढायचं. आम्हाला असंच सावलीतलं ठिकाण हवं होतं. टेकडीच्या खांद्यावर आरसा उभा केला की त्याला टॉवरही दिसतो आणि घरंही दिसतात.

आरशाची चौकट पाच घरांतल्या पहिल्या घरच्या रशीदभाईंनी बनवली होती. त्यांचं भोकरदनला वेल्डिंगचं दुकान आहे. मी पुण्याहून फोनवर नकाशा पाठवला होता आणि बजावलं होतं की टेकडीवर वारं असतं, चौकट मजबूत हवी. एवढंच बजावलं होतं. चौकट पाहिली आणि मी खूश झालो. आठ आडव्या ओळी, आठ उभ्या, आणि प्रत्येक फरशीला चारही बाजूंनी लोखंडी पट्ट्यांची स्वतंत्र खोली. आत सरकवली की फरशी टचकन बसायची.

"वा, रशीदभाई! काय सुबक काम आहे!"

"तुमच्या नकाशात तुटक रेघा व्हत्या. मी म्हटलं, सर पडदी मागून राह्यले. पत्र्याची केली असती, पण जालन्यासारख्या लोखंडाच्या जिल्ह्यातलं काम आन् पत्रा? लोकं हसतील. हत्ती बसवा याच्यावर, बिलकुल हलणार न्हाई."

तुटक रेघा मी फक्त फरश्यांच्या जागा दाखवायला काढल्या होत्या. पण तेव्हा ते डोक्यातच आलं नाही. मी त्या आडभिंती बोटाने वाजवून त्यांची तारीफ केली, हे इथे मुद्दाम नोंदवतो. पुढे कुणी रशीदभाईंना बोल लावू नये म्हणून.

चहा घेताना त्यांच्या मुलीची, शाहीनची ओळख झाली. तिने संगणकाची पदवी घेतली आहे. गुरुवारी अकरा वाजता तिची व्हिडिओवर मुलाखत होती. एका कंपनीसाठी घरी बसून सॉफ्टवेअर तपासायचं काम. कंपनीची अट अशी की जिथून काम करणार तिथूनच मुलाखत द्यायची, म्हणजे नेट कसं आहे ते त्यांना कळतं. याआधीची एक मुलाखत तिने टाकीवरून दिली होती. "तुमची बलस्थानं सांगा" या प्रश्नाला वाऱ्याने ओढणी कॅमेऱ्यावर आली आणि ती बाजूला करेपर्यंत फोन कटला. म्हणून या वेळी तिने भोकरदनच्या मामूंचा पत्ता दिला होता. मामूंकडे दोन खोल्या आणि सात माणसं. काम मिळालं तर तिथेच राहायचं.

"कशाला?" मी कप ठेवून उभा राहिलो. बढाया मला बसून मारता येत नाहीत. "उद्या संध्याकाळपर्यंत तुमच्या अंगणात पुण्यासारखं नेट येतं की नाही बघ! दे इथूनच मुलाखत."

"पक्कं ना, सर?"

"अगं, एकदम पक्कं."

ती टाकीवर गेली, कंपनीला पत्ता बदलून कळवला आणि अर्ध्या तासात परत येऊन म्हणाली, "त्यांनी लिहून घेतलं. आता बदलता येणार न्हाई म्हणले." चेहरा इतका उजळला होता की मला पहिल्यांदाच थोडी धाकधूक वाटली.

दुपारी रशीदभाईंनी टेकडीवर लोखंडी खांब रोवून त्यावर चौकट चार बोल्टांनी आवळली. मी फरश्या बसवल्या, मागचं झाकण लावलं, कोपऱ्यातल्या पहिल्या फरशीला लॅपटॉप जोडला आणि निरोप सोडला. निरोप मिळाला की फरशीवर हिरवा ठिपका लागतो. पहिल्या फरशीवर लागला.

बाकीच्या त्रेसष्ट काळ्याच राहिल्या.

बुधवार: फेऱ्या

बुधवारी सकाळपासून मी कुणाकुणाला दोष दिला ते सांगायला हवं. आधी प्रोग्रामला. मग फरश्यांतल्या सेलना. मग थंडीला. मग टॉवरला, ज्याचा फरश्यांच्या आपसातल्या बोलण्याशी काडीचा संबंध नव्हता. मग एका शेळीला, कारण ती पॅनेलकडे, म्हणजे आमच्या आरशाकडे, एकटक बघत होती. दर अर्ध्या तासाने मी टेकडी उतरून घरापर्यंत येई आणि काही न सुचून परत चढे. खाली आलो की शाहीन अंगणात उत्तरं पाठ करत असलेली दिसायची. ती काही विचारायची नाही. फक्त हातातला फोन उचलून बघायची आणि पुन्हा उलटा ठेवायची. ते मला जास्त लागायचं.

दुपारी रशीदभाईंनी मला दंडाला धरूनच जेवायला बसवलं. मक्याची भाकरी, खट्टी दाल, शेंगदाण्याची चटणी. मी उकिडवा बसलो, म्हणजे उठायला बरं.

"बसा की नीट," भाभी, म्हणजे शाहीनची आई, म्हणाल्या. "मांडीला काय काटे टोचून राह्यले?"

तेवढ्यात माझ्या कानामागून एक बांगड्यांचा हात आला. मी एवढा दचकलो की दाल सदऱ्यावर. वळून पाहिलं तर घराच्या सामाईक भिंतीत ताटलीभर रुंदीचं एक चौकोनी भोक होतं. त्यातून शेजारच्या कमलबाईंचा हात ठेच्याची वाटी घेऊन आत आला होता. वाटी भाभींनी घेतली आणि त्याच हातावर दोन भाकरी ठेवल्या. हात मागे गेला.

"पुण्याच्या सरांसाठी हाय," भिंत म्हणाली. "जपून खा म्हनावं."

मी जपून खाल्ला नाही. ते प्रकरण मी गाळतो. डोळ्यांचं पाणी पुसून पाहतो तर भाभी भोकाशी तोंड नेऊन विचारत होत्या, "कमल, तात्याच्या घरची चक्की चालू हाय का, विचार पुढं." तात्या म्हणजे ओळीतल्या शेवटच्या घरचे म्हातारे नामदेवतात्या. पलीकडे कमलबाईंनी पुढच्या भिंतीशी तोच प्रश्न विचारलेला ऐकू आला, मग आणखी पलीकडे पुसटसा. माझी भाकरी संपायच्या आत उत्तर तसंच भिंतीभिंतीतून उलटं आलं: चालू आहे, पण लवकर या, लाइट जाईल.

आमच्या सोसायटीत शेजाऱ्याची गाडी आडवी लागली असेल तर मी त्याच्या दाराशी उभा राहून दोनशे माणसांच्या ग्रुपवर टाकतो. इथे चार भिंती ओलांडून प्रश्न गेला, उत्तर आलं, आणि कुणी उंबरठ्याबाहेर पाऊल टाकलं नाही.

"पाचही घरांना अशी खिडकी आहे?"

"हौ. घर बांधतानाच ठेवतात. पहिल्यापासून."

"आणि नसती तर?"

भाभींनी माझ्याकडे पाहिलं, जणू मी शेळीपेक्षा जरा कमीच हुशार आहे. "न्हाई तर काय? भिंतीला बोलत बसायचं."

मी तसाच खरकट्या हाताने धावत सुटलो. टेकडीवर जाऊन मागचं झाकण काढलं. समोर चौसष्ट खोल्या होत्या. जाड, सरळ, हत्ती पेलतील अशा लोखंडी भिंतींच्या. एकीलाही खिडकी नाही. पहिली फरशी काल दुपारपासून भिंतीला बोलत बसली होती. लोखंडापलीकडे लहर जात नाही, हे मी दरवर्षी मुलांना शिकवतो. परीक्षेतही विचारतो.

मागोमाग रशीदभाई आणि शाहीन धापा टाकत आले. मी म्हणालो, "रशीदभाई, ड्रिल आणा. मधल्या प्रत्येक भिंतीला भोक पाडायचं. एकशे बारा भिंती आहेत, मी मोजल्या."

रशीदभाईंनी सदऱ्याच्या बाहीने चौकटीवरची धूळ पुसली. मग म्हणाले, "सर, तीन दिवस लागले मला याला. एक जोड तिरपा न्हाई. तुमी म्हणले मजबूत. आता चाळण करायची?"

"चूक माझीच आहे. फरश्या बोलतात त्या लहरी जेमतेम पाच मिलिमीटरच्या. दहा मिलिमीटरचं भोक बास झालं."

"भोक ते भोकच. वारं आलं आन् वाकलं तर नाव माझं जाईल, तुमचं न्हाई. दुसरा रस्ता बघा."

दुसरा रस्ता नव्हता. मी तो शोधायला टेकडीवर तीन फेऱ्या मारल्या. तेव्हा शाहीन म्हणाली, "अब्बा, आपल्या भिंतीला केवढं भोक हाय?"

"मंग?"

"दादाजींच्या वेळेपासून हाय. घर पडलं का?"

रशीदभाईंनी खाली घरांच्या ओळीकडे पाहिलं. मग म्हणाले, "टेंपो वर आणावा लागंल, जनरेटर त्यात हाय. लाइटचा भरवसा न्हाई." आणि दोन पावलं गेल्यावर वळून म्हणाले, "पण भोक मधोमध पाडीन. आन् कानस मारून. खडबडीत काम माझ्या हातून जाणार न्हाई."

सगळ्या फरश्या काढल्या. रशीदभाई भोकं पाडत, शाहीन लोखंडाचा भुगा ब्रशने झाडी, आणि मी मोजायचं काम घेतलं. दोनदा चुकलो, तेव्हा ते काम शाहीनने माझ्याकडून काढून घेतलं. सूर्य मावळतीला टेकला तेव्हा एकशे बारावं भोक पडलं. फरश्या परत बसवल्या आणि मी निरोप सोडला.

पहिली फरशी हिरवी. मग तिच्या शेजारची, मग वरची. पुढे मोजता येईना. पंगतीत वाढपी आला की पानं भरत जातात तसे ठिपके कोपऱ्यातून तिरपे वर चढत गेले. तिसऱ्या ओळीतली एक फरशी काळीच राहिली, पण निरोप तिला वळसा घालून पुढे गेला. काळी का राहिली ते उघडून पाहिलं. सेल मी उलटा घातला होता.

खाली अंगणातून भाभींची हाक आली: शाहीनचा फोन एकसारखा वाजतोय, सगळ्यांचे साठलेले मेसेज एकदम आले!

गुरुवार: अकरा वाजता

अकराला पाच कमी असताना शाहीन अंगणात निंबाखाली खुर्ची टाकून बसली. पाठीमागे भाभींनी धुतलेली चादर बांधली होती. मी आणि रशीदभाई टेकडीवर पॅनेलपाशी. लॅपटॉपवर सगळं ठीक दिसत होतं. करण्यासारखं काही उरलं नव्हतं आणि माझ्या बाबतीत हीच सगळ्यात धोक्याची वेळ.

मी फेऱ्या सुरू केल्या. डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे. खाली निंबाखाली शाहीन बोलताना दिसत होती. मधेच ती थांबली. फोन उचलून पाहिला. पुन्हा बोलू लागली. पुन्हा थांबली. माझी पावलं जोरात पडायला लागली. ती आता वारंवार अडखळत होती.

"काय होतंय? काय होतंय, रशीदभाई?"

"मला काय इचारता? मी लोखंडाचा माणूस."

फोन करून विचारावं, तर तिच्या फोनवर मुलाखत. एवढ्यात टेकडीच्या पायथ्याशी शेवटच्या घराचं मागचं दार उघडलं आणि नामदेवतात्या काठी घेऊन बाहेर आले. चेहरा वर करून त्यांनी जी आरोळी ठोकली ती टॉवरलाही ऐकू गेली असेल.

"ओ पुण्याचे! निरोप आलाय! भाभी म्हंती, त्या मानसाला आरशासमोरून हटवा! तुमी पुढून गेले की पोरीचं बंद पडून राह्यलं! बसा खाली!"

मी थिजलो. मी पॅनेलच्या अगदी पुढ्यात येरझाऱ्या घालत होतो. लहर मोठ्या कष्टाने टॉवरपासून आरशापर्यंत आणली, आरशातून अंगणाकडे वळवली, आणि दर दहा सेकंदांनी तिच्या वाटेत माझं पोट आणत होतो.

मी होतो तिथेच मटकन खाली बसलो. रशीदभाईंनी मला काखेत हात घालून पॅनेलच्या मागे ओढलं आणि समोर शेंगांची पिशवी ठेवली. "फोडा. उठायचं न्हाई."

मी शेंगा फोडल्या. आयुष्यात पहिल्यांदा पंचवीस मिनिटं एका जागी बसलो. अंगण दिसत नव्हतं. दिसत होती ती चौकटीची पाठ आणि तिच्या कडेला मुंग्यांची एक रांग. रशीदभाईही फोडत होते. त्यांनी फोडलेला एकही दाणा तोंडात टाकला नाही, सगळे रुमालावर नीट ओळीत मांडत होते. शेवटी म्हणाले, "ती सातवीत व्हती ना सर, तेव्हापासून म्हणून राह्यली, मी कमवीन ते या घरात बसून कमवीन. मामूच्या घरी पाठवायचं म्हटलं तवा दोन दिवस जेवली न्हाई. आमाला वाटलं पोट बिघडलं."

मी शेंगा फोडत राहिलो.

मग पुन्हा मागचं दार वाजलं. या वेळी तात्यांनी आरोळी ठोकली नाही. काठी टेकत वर चढून आले, हातात वाटी. वाटीत साखर. भिंतीभिंतीतून येता येता ती बरीच कमी झाली होती, वाटेत प्रत्येक घराने चिमूट घेतलेली.

"घ्या," ते म्हणाले. "पास झाली. सोमवारपासून चालू करा म्हणले. घरूनच. फक्त नेट बंद पडायला नको, असं बजावलं मुलाखतीच्या बाईनं."

रशीदभाईंनी साखर घेतली, पण तोंडात टाकायला विसरले. चौकटीवर हात ठेवून उभे राहिले.

आणि मला आठवलं की पॅनेल शनिवारी परत विभागात हवं आहे. तसा लेखी आदेश माझ्या खिशात होता. तात्यांना मी विचारलं, "सोमवारपासून म्हणालात ना?"

"सोमवारपासून."

खांबावर चार बोल्ट होते. चांगले, आवळलेले, पान्याने दहा मिनिटांत निघणारे. मी त्यांच्याकडे पाहिलं. मग टेकडीवर उभ्या टेंपोकडे.

"रशीदभाई, जनरेटर आहे ना अजून टेंपोत?"

"हाय की."

"आणि वेल्डिंगचं मशिन?"

"ते बी हाय. कशाला? बोल्ट पक्के हायेत, सर. हत्ती बसवा."

"पक्के आहेत हीच अडचण आहे. ते निघतात."

त्यांना समजायला जेवढा वेळ लागला तेवढ्यात तात्यांनी उरलेली साखर स्वतःच्या तोंडात टाकली. मग रशीदभाई हसले. तीन दिवसांत पहिल्यांदा.

विभागप्रमुखांना मी तिथूनच, टेकडीच्या खांद्यावरून फोन लावला. आवाज स्वच्छ येत होता. पॅनेल काढता येत नाही, मी सांगितलं, स्थानिक कारागिराने ते खांबाला कायमचं जोडून टाकलं आहे. कापायला गेलं तर फरश्या जातील. तुम्ही त्याला नकाशा नीट समजावून दिला नव्हता का, त्यांनी विचारलं. नव्हता, मी म्हणालो. आणि हे मात्र शब्दशः खरं होतं. मग तिथेच ठेवा, ते वैतागून म्हणाले, आणि दर महिन्याला जाऊन नोंदी घ्या.

फोन ठेवला आणि ठिणग्या उडायला लागल्या. मी उभा राहून पाहिलं. पॅनेलच्या मागे.